नाहा बंदरातली विद्या

१८५३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या कमोडोर मॅथ्यू पेरीची जहाजं ओकिनावा बेटाच्या नाहा बंदरात येऊन उभी राहिली. जपानचे बंद दरवाजे ठोठावायला निघालेल्या पेरीने आधी इथे नांगर टाकला आणि दोन आठवडे उलटायच्या आत तोफा आणि वाजंत्री घेऊन राजधानी शुरीच्या राजवाड्यावर मिरवणूकही नेली. त्याच वर्षी मार्चमध्ये, बंदरालगतच्या निशिमुरा वस्तीत, जळाऊ लाकडाचा धंदा करणाऱ्या एका घरात मुलगा जन्माला आला होता. केरामा बेटांवरून गलबतात लाकूड भरून आणायचं आणि नाहात विकायचं, हा बापाचा उद्योग. मुलाचं नाव कानर्यो, घराणं हिगाओन्ना. कराटेच्या गोजू-र्यू शैलीचा उगम शोधत मागे मागे गेलं की माणूस या वखारीपाशी येऊन पोचतो.

कराटेची पुस्तकं बहुतेक वेळा डोंगरातल्या एखाद्या मठात सुरू होतात. धुकं, घंटानाद, पांढऱ्या दाढीचा भिक्षू, असा सगळा सरंजाम असतो. गोजू-र्यूच्या इतिहासात ज्यांची नावं खात्रीने घेता येतात ती माणसं मात्र बाजारपेठेतली आहेत. लाकूडवाल्याचा मुलगा, औषधांच्या व्यापाऱ्याचा दत्तक वारस, फूज्यानहून येऊन नाहात दुकान थाटलेला चहावाला, हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर गेलेली ओकिनावी माणसं आणि त्यांच्यासाठी वर्तमानपत्र चालवणारा संपादक. समुद्र ओलांडायला ज्यांच्याकडे कारण होतं आणि खिशात पैसा होता, त्यांनी ही विद्या आणली, घासूनपुसून नवी केली आणि पुढे पाठवली. पुढच्या पानांत सांगितलेला इतिहास या वाटेने वाचला तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आज ओकिनावा हा जपानचा एक प्रांत आहे, पण १८७९ पर्यंत तिथे र्यूक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १४२९ मध्ये शो हाशी या राजाने बेटावरची तीन राज्यं एक केली. त्याच्याही आधीपासून चीनच्या सम्राटाला खंडणी पाठवायची आणि बदल्यात व्यापाराची मुभा मिळवायची, हा शिरस्ता पडला होता. खंडणीची जहाजं फूज्यान प्रांतात जात. तिथल्या फूचौ शहरात र्यूक्यूच्या लोकांसाठी खास वसतिगृह होतं. दुभाषे, विद्यार्थी, व्यापारी तिथे महिनोन् महिने मुक्काम करत. इकडे नाहालगतच्या कुमे वस्तीत फूज्यानहून आलेली चिनी कुटुंबं राहत. ती १३९२ मध्ये आली असं परंपरा सांगते. चिनी पत्रव्यवहार, नौकानयन, राजनैतिक शिष्टाचार ही सगळी कामं त्यांच्याकडे असत. १६०९ मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा सरदारांनी र्यूक्यूवर स्वारी करून राज्य अंकित केलं, पण चीनशी चालणारा व्यापार त्यांनी हुशारीने चालू ठेवला, कारण त्यातला मलिदा आता त्यांच्याही वाट्याला येत होता. दोन धन्यांची मर्जी सांभाळणाऱ्या या चिमुकल्या राज्याला चिनी विद्या आपलीशी करण्याची सवय अशी शतकानुशतकं लागलेली होती.

इथे एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावलेला बरा. 'राज्यकर्त्यांनी शस्त्रं जप्त केली, म्हणून गरीब शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून रिकाम्या हाताने लढण्याची कला घडवली', असं कराटेच्या निम्म्या पुस्तकांत छापलेलं असतं. गोष्ट झकास आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. शो शिन राजाच्या काळातला १५०९ चा शिलालेख शस्त्रं राज्याच्या संरक्षणासाठी साठवून ठेवल्याचं सांगतो. आणि हाताची विद्या, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत अशा जुन्या माणसांपुरतं बोलायचं तर, मुख्यतः पेचिन या दरबारी वर्गात आणि त्यांच्या आसपासच्या सुखवस्तू घरांत वाढलेली दिसते. पहाटेपासून शेतात राबणाऱ्या माणसाला रात्री दोन तास श्वासाचे प्रयोग करायची उसंत कुठून मिळणार?

बोधिधर्माची कथाही याच पंगतीतली. भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात युद्धकला शिकवली आणि तिचंच पुढे कराटे झालं, हे ऐकून आपली छाती फुगते. पण या दाव्याला आधार म्हणून दाखवला जाणारा 'यी जिन जिंग' हा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला आहे, आणि बोधिधर्माचा काळ त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. तांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यातली बनावट उघडी केली. तरी कथा काही मरत नाही. आपल्याकडच्या कराटे क्लासच्या माहितीपत्रकांत ती दरवर्षी उन्हाळी सुट्टीत पुन्हा जिवंत होते.

दंतकथा बाजूला सारल्या तर हातात काय उरतं? एक फार मोलाचा कागद उरतो. मार्च १८६७ मध्ये शुरीच्या शाही उद्यानात एक समारंभ झाला. चिनी सम्राटाच्या दूताने येऊन र्यूक्यूच्या राजाला मान्यता दिली होती, त्याचा हा आनंदसोहळा. कुमे वस्तीतल्या मंडळींनी त्यात युद्धकलांची प्रात्यक्षिकं केली आणि त्या कार्यक्रमाची यादी टिकून राहिली. यादीत आरागाकी नावाच्या पेचिनाने 'सेसान' सादर केल्याची नोंद आहे, आणि 'एकशे आठ' या नावाच्या कातेचीही (काता म्हणजे हालचालींची ठरलेली साखळी). गोजू-र्यूच्या विद्यार्थ्याचे डोळे इथे चमकायला हवेत. सेसान ही त्याच्या शैलीतली महत्त्वाची काता, आणि 'एकशे आठ' म्हणजे सूपारिंपेई, सगळ्यात लांब आणि सगळ्यात शेवटी शिकवली जाणारी. ही नावं शुरीच्या बागेत पुकारली जात होती तेव्हा हिगाओन्ना कानर्यो अवघा चौदा वर्षांचा होता.

तरुणपणी तो फूचौला गेला. नेमका कधी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी १८६९ म्हणतं, कुणी १८७३, कुणी १८७७. मुक्काम किती, याचे आकडे तर तीन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. जाण्याआधी तो नाहात आरागाकी सेइशो यांच्याकडे शिकला होता. हे आरागाकी पेशाने चिनी भाषेचे दुभाषे. त्यामुळे फूचौतल्या ओळखीपाळखीची सोय कशी झाली असेल, हे कळायला फार डोकं खाजवावं लागत नाही. तिथे त्याला जो गुरू भेटला त्याचं नाव ओकिनावी तोंडात 'र्यू र्यू को' असं रुळलं. तो बांबूच्या वस्तू विणायचा, मूळचा खानदानी पण दिवस फिरलेला, शिष्याला आधी महिनोन् महिने झाडलोट करायला लावणारा, असं परंपरा सांगते. चिनी कागदपत्रांत हा माणूस कोण, याचा शोध गेली कित्येक दशकं चालू आहे. क्रौंच शैलीतले नामांकित शिक्षक शिए झोंगशियांग हेच ते, असा एक पक्ष आहे. पण त्यांचा जन्म १८५२ चा, म्हणजे गुरू शिष्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा ठरतो. दुसरीकडे ओकिनावातल्या र्यूएई-र्यू या घराण्याचे मूळपुरुष नाकाइमा नोरीसातो यांचा जन्म १८१९ चा, आणि त्यांची वंशपरंपराही गुरू म्हणून र्यू र्यू को हेच नाव घेते. दोन्ही परंपरा एकाच माणसाबद्दल बोलत असतील, तर त्याने दोन पिढ्या शिकवल्या असं मानावं लागतं. नाहीतर एकाच नावाखाली दोन माणसं दडलेली आहेत.

गंमत पुढेच आहे. गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजुन यांनी १९३४ मध्ये कराटेची रूपरेषा सांगणारं एक टिपण लिहिलं. त्यात आपल्या शैलीच्या उगमाबद्दल खात्रीने सांगण्यासारखी एकच गोष्ट ते नोंदवतात. ती ही, की १८२८ मध्ये फूचौची एक शैली ओकिनावात आली आणि गोजू-र्यू तिच्यावर उभी राहिली. हे साल हिगाओन्नांच्या जन्माच्याही पंचवीस वर्षं आधीचं. म्हणजे जो इतिहास आज दोजोच्या (कराटेच्या तालमीच्या) भिंतीवर तसबिरींच्या ओळीत टांगलेला असतो, तो खुद्द संस्थापकाच्या लेखणीतून तितक्या सरळ रेषेत उतरलेला नाही. या पुस्तकाचा कस लागतो तो इथेच. एखादी तारीख निवडून बाकीच्या दडपून टाकणं सोपं होतं. तसं केलेलं नाही, हे वाचकाच्या लवकरच ध्यानात येईल.

हिगाओन्ना परतले तोवर किंवा परतल्यानंतर लवकरच, पायाखालची जमीन सरकली. १८७५ मध्ये जपानने चीनला खंडणी पाठवणं बंद करायला लावलं आणि १८७९ मध्ये राज्यच खालसा करून ओकिनावा प्रांत केला. फूचौची वाट बंद झाली, दरबार गेला, दरबाराच्या जिवावर जगणारा वर्ग रस्त्यावर आला. हिगाओन्ना पुन्हा लाकडाच्या धंद्याला लागले. शिकवायचे ते मोजक्या पोरांना, तेही फार दिवस टिकतील त्यांनाच. पायांच्या तयारीसाठी त्यांची ख्याती होती. स्वतः लिहिलेलं त्यांनी काहीच मागे ठेवलं नाही. जे ठेवलं ते शिष्यांच्या अंगात.

शाळेत मात्र ते गेले, आणि ही बाब पुढच्या काळासाठी निर्णायक ठरली. शुरीत कराटेचे गुरू इतोसू आन्को यांनी १९०१ च्या सुमारास प्राथमिक शाळेत कराटे नेलं आणि १९०८ मध्ये शिक्षणखात्याला त्याचे फायदे सांगणारं दहा कलमी पत्र पाठवलं. इकडे नाहात १९०५ च्या आसपास व्यापारी शाळेने हिगाओन्नांना बोलावलं. व्यापाराचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना हा माणूस सान्चिन ही काता शिकवू लागला. बंदरातल्या विद्येला बंदरातलीच शाळा मिळाली.

त्याआधीच, १९०२ मध्ये, चौदा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या दारात उभा राहिला होता. मियागी चोजुन, जन्म २५ एप्रिल १८८८, नाहाच्या हिगाशी-माचीतला. त्याला काकांच्या घरी दत्तक दिलेलं होतं आणि ते घर गडगंज. चीनहून औषधी आणून विकणं हा त्यांचा व्यवहार. हिगाओन्ना फाटके आणि शिष्य श्रीमंत, अशी ही जोडी. म्हाताऱ्या गुरूला पुढे शिष्याने सांभाळलं, आणि स्वतःला आयुष्यभर दुसरं काही न करता कराटे करता आलं तेही याच पैशामुळे. कलेच्या इतिहासात आश्रयदात्याचं नाव तळटीपेत जातं. इथे आश्रयदाता आणि कलावंत एकच माणूस होता, म्हणून ते लपून राहतं इतकंच.

तेरा वर्षांची ही शागिर्दी मधल्या लष्करी नोकरीची दोन वर्षं सोडता गुरूच्या मृत्यूपर्यंत चालली. १९१५ मध्ये हिगाओन्ना गेले. त्याच वर्षी मियागींनी गुरूच्या गुरूचा माग काढत फूचौ गाठलं. हाती फारसं लागलं नाही. पण फूज्यानचं जे ज्ञान तिकडे जाऊन मिळालं नाही ते नाहातच भेटायला आलं. वू शियानगुई नावाचा फूज्यानचा चहाव्यापारी नाहात स्थायिक झाला होता. ओकिनावी लोक त्याला गोकेन्की म्हणत. तो श्वेत क्रौंच शैली जाणणारा. मियागी आणि त्यांचा मित्र माबुनी केन्वा यांची त्याच्याशी चांगली गट्टी जमली. १९२० च्या दशकात नाहात कराटेचं जे संशोधन मंडळ निघालं, त्यातही हा चहावाला शिकवायला यायचा. याच काळात, १९२१ च्या आसपास, मियागींनी 'तेन्शो' ही काता बांधली. सान्चिनचाच श्वास, पण मुठीऐवजी उघडे, वळणारे तळवे.

आता या इतिहासातला सगळ्यात बोचरा प्रश्न. हिगाओन्नांचा दुसरा ज्येष्ठ शिष्य क्योदा जुहात्सू. तोही १९०२ चाच, मियागींच्या महिनाभर आधी आलेला. त्याने पुढे तोओन-र्यू नावाची स्वतःची शाखा काढली. त्या शाखेत हिगाओन्नांकडून आलेल्या म्हणून चारच काता आहेत: सान्चिन, सेसान, सान्सेरू आणि पेचुरिन (हीच ती 'एकशे आठ'). मियागींच्या शैलीत याशिवाय साइफा आहे, सेइयुन्चिन आहे, शिसोचिन, सेपाई, कुरुरुन्फा आहेत. एकाच गुरूचे दोन शिष्य, एकाच महिन्या-दोन महिन्यांत आलेले, मग बाकीच्या काता आल्या कुठून? गुरूने एकालाच जास्त दिलं? मियागींनी फूचौत मिळवल्या? गोकेन्कीकडून घेतल्या? की स्वतः रचल्या? प्रत्येक पर्यायाचे पाठीराखे आहेत आणि ते एकमेकांशी कडाडून भांडतात. भांडणात भावना गुंतण्याचं कारणही उघड आहे. काता जुनी ठरली तर परंपरेचं वजन वाढतं, मियागींनी रचलेली ठरली तर मियागींचं. तटस्थपणे पाहिलं तर दुसऱ्या निकालाने या माणसाची उंची कमी होण्याचं काहीच कारण नाही.

कागदावरच्या वादातून क्षणभर बाहेर येऊन सान्चिन कशी करतात ते जवळून पाहायला हवं, कारण या शैलीचं सगळं बिऱ्हाड तिच्यावर आहे. काता म्हणाल तर अगदी साधी: तीन पावलं पुढे, ठोसे, थोडं मागे. उजवा पाय आतून अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, पंजे किंचित आत वळलेले, गुडघे सैल पण आत ओढलेले. कंबरेचा खालचा भाग वर उचललेला, त्यामुळे पाठीचा बाक सरळ होतो. खांदे खाली. कोपर बरगड्यांपासून मूठभर अंतरावर. मग एक मूठ सावकाश छातीपाशी ओढताना नाकाने श्वास, तो बेंबीखाली उतरवायचा, आणि मूठ पुढे जाताना घशातून घरघरत बाहेर सोडायचा. ठोसा इतका हळू जातो की बघणाऱ्याला कंटाळा यावा. करणाऱ्याच्या मात्र पहिल्याच फेरीत मांड्या थरथरू लागतात. शिक्षक मागे उभा असतो. तो खांद्यांवर दोन्ही तळवे दाणकन आपटतो, काखेखालचे स्नायू चाचपतो, मांडीवर थाप मारतो, कधी लाथही. अंगात कुठे ढिलाई राहिली हे त्याला हाताने कळतं. मियागी आपल्या शिष्यांना वर्षानुवर्षं एवढंच करायला लावत, त्यावर एखादीच दुसरी काता देत. सेसान झाली, आता पुढचं, असा हिशेब त्यांच्याकडे नव्हता.

सोबतीला अवजारं. चीशी म्हणजे लाकडी दांड्याच्या एका टोकाला दगडाचं वजन. आपल्या तालमीतली गदा आखूड करून एका हातात दिली तर मनगटाला जे वाटेल तेच ती वाटायला लावते. निगिरीगामे म्हणजे अरुंद गळ्याचे मातीचे घडे. त्यांत वाळू भरायची, कडा नुसत्या बोटांच्या टोकांनी धरायची आणि घडे लोंबकळत ठेवून सान्चिनची पावलं टाकायची. गवताच्या दोरीने गुंडाळलेला माकिवारा हा ठोशांचा खांब तर सर्वांना माहीत आहे. आणखी एक अवजार आहे, कोन्गोकेन: लोखंडाचं जडशीळ लांबट कडं, जोडीदारांनी मिळून उचलायचं. हे ना चीनमधलं ना ओकिनावातलं. मियागींनी ते हवाईत पैलवानांकडे पाहिलं आणि येताना कल्पना घेऊन आले.

हवाईला ते गेले १९३४ मध्ये. कारण पुन्हा व्यापाराच्या वाटेवरचंच. १९०० पासून ओकिनावी मजूर उसाच्या मळ्यांवर जात होते, त्यांची तिथे वस्ती झाली होती आणि काउआई बेटावर 'योएन जिहो' नावाचं त्यांचं जपानी वर्तमानपत्र निघत होतं. त्याचे संपादक किन्जो चिन्एई यांनी मियागींना बोलावणं धाडलं. काही महिने राहून, व्याख्यानं आणि वर्ग घेऊन ते परतले.

तोवर शैलीला नाव मिळालेलं होतं. त्याआधी ओकिनावात शैलींची नावं नसतच. गावाच्या नावाने शुरीचा हात, नाहाचा हात, तोमारीचा हात असं म्हणत. १९३० च्या सुमारास मियागींचे पट्टशिष्य शिन्झातो जिन्आन तोक्योत मेइजी देवस्थानाच्या समारंभात प्रात्यक्षिक द्यायला गेले. तिथे कुणीतरी विचारलं, तुमची शैली कोणती? जपानी युद्धकलांच्या जगात नाव नसणं म्हणजे कुळ नसणं. शिन्झातोंनी वेळ मारून नेली आणि घरी येऊन गुरूला सांगितलं. मियागींनी 'बुबिशी' या जुन्या चिनी हस्तलिखितातलं एक वचन उचललं. श्वास घेणं-सोडणं यात कठोर आणि मृदू दोन्ही असतं, असा त्याचा आशय. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मृदू. १९३३ मध्ये याच नावाने क्योतोच्या दाई निप्पोन बुतोकुकाई या युद्धकलांच्या महासंस्थेत नोंद झाली.

नोंदणी म्हणजे निव्वळ शिक्का नव्हता. जूदोचे जनक कानो जिगोरो १९२७ मध्ये ओकिनावाला आले होते, मियागींचं काम त्यांनी पाहिलं होतं, आणि मुख्य भूमीत मान्यता हवी तर जूदोसारखं दिसावं लागेल हे सर्वांना कळून चुकलं होतं. पांढरा पोशाख आणि काळा पट्टा ही जूदोचीच उसनवारी. ओकिनावी शिक्षक फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये तोक्योत कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले. त्याआधी ओकिनावात माणसं चड्डीवर, उघड्या अंगाने सराव करत. पुढची पायरी नावाची. 'कराते' हा शब्द आधी 'चिनी हात' असा लिहीत. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहात वर्तमानपत्राच्या पुढाकाराने ज्येष्ठ गुरूंची बैठक भरली, मियागीही होते, आणि 'रिकामा हात' ही लेखनपद्धती मान्य झाली. उच्चार तोच, अर्थातून चीन गेला. वर्षभरात जपानचं चीनशी युद्ध पेटलं. त्या दिवसांत चिनी गुरूचा फोटो भिंतीवर लावणं अवघडच होतं. ओकिनावाच्या विधिमंडळाने २००५ मध्ये हीच तारीख कराटे दिन म्हणून जाहीर केली, तेव्हा या बाजूची फारशी चर्चा झाली नाही.

१९४० मध्ये मियागींनी शाळकरी मुलांसाठी 'गेकिसाई' या सोप्या काता तयार केल्या. आज जगभर गोजू-र्यूच्या नवशिक्याला पहिल्या महिन्यात जे शिकवतात ते हेच. आपल्याकडे शाळेच्या पटांगणात किंवा सोसायटीच्या गच्चीवर 'इची, नी, सान' मोजत दहा-बारा वर्षांची पोरं ज्या काता करतात, त्यांच्यातल्या काही या युद्धकाळातल्या शालेय अभ्यासक्रमाची लेकरं आहेत.

१० ऑक्टोबर १९४४ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात नाहाचा सुमारे नव्वद टक्के भाग जळाला. पाठोपाठ १९४५ च्या एप्रिल ते जूनमध्ये ओकिनावाची लढाई. शिन्झातो जिन्आन, ज्यांच्याकडे वारसा जाणार हे सगळे गृहीत धरून होते, ते युद्धात मारले गेले. मियागींचा एक मुलगा आणि दोन मुली गेल्या. टिपणं, कागद, अवजारं, सगळं राखेत गेलं. या शैलीच्या इतिहासात दोन माणसांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा त्यांचा निवाडा करायला कागद का सापडत नाही, याचं उत्तर या आठ-नऊ महिन्यांत आहे.

युद्धानंतर मियागी पोलिसांना शिकवू लागले आणि त्सुबोया या कुंभारवाड्यातल्या घराच्या मागच्या अंगणात त्यांनी वर्ग सुरू केला. वर छप्पर नाही, खाली माती. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. वारस त्यांनी नेमला नव्हता, आणि आयुष्यभरात एकाही शिष्याला दानची (काळ्या पट्ट्याच्या श्रेणीची) पदवी दिली नव्हती. पुढे काय होणार हे वेगळं सांगायला नको. कुमेतल्या जुन्या घराण्यातले यागी मेइतोकू यांनी मेइबुकान काढलं, पोलीस अधिकारी मियाझातो एइइची यांनी १९५७ मध्ये जुन्दोकान, तोगुची सेइकिची यांनी शोरेइकान. त्याआधीपासून हिगा सेको यांची शाखा होतीच. खरा वारस आपणच, हे प्रत्येकाने आपापल्या परीने सिद्ध केलं. एकाकडे गुरूची अवजारं, दुसऱ्याकडे गुरूचा पट्टा, तिसऱ्याकडे गुरूने शेवटी शिकवलेलं काहीतरी. या वादांना पुढे एक अख्खं प्रकरण दिलं आहे. ते जरा लांबलंय खरं, पण त्यातले स्वभाव वाचण्यासारखे आहेत.

मुख्य जपानात वेगळंच झाड वाढलं. लांब केसांचे, 'मांजर' या टोपणनावाने ओळखले जाणारे यामागुची गोगेन (१९०९–१९८९) यांनी क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात कराटेचा क्लब उभा केला, मोकळ्या झुंजीचा सराव रुजवला आणि १९५० मध्ये गोजू-काई ही देशव्यापी संघटना काढली. विद्यापीठांतली पोरं पदवी घेऊन कंपन्यांत गेली, कंपन्यांनी त्यांना परदेशी पाठवलं, आणि कराटे सोबत गेलं. ओकिनावाच्या बाजूने हिगाओन्ना मोरिओ (कानर्यो यांच्याशी आडनाव जुळतं, एवढंच) यांनी तोक्योच्या योयोगी दोजोत परदेशी शिष्यांची फळी घडवली आणि १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या पूल गावी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. तेही एक बंदरच.

सिनेमाने उरलेलं काम केलं. १९८४ च्या 'द कराटे किड'चे लेखक रॉबर्ट मार्क केमन स्वतः गोजू-र्यू शिकलेले. म्हाताऱ्या गुरूला त्यांनी मियागी हे नाव दिलं ते चोजुन यांच्यावरून. गाडी पुसता पुसता बचाव शिकवणाऱ्या त्या मिस्टर मियागीमुळे हे आडनाव घरोघरी पोचलं, भले एका पायावरची ती सुप्रसिद्ध लाथ गोजू-र्यूत कुठेच नसली तरी. खेळाच्या मैदानावर जागतिक कराटे महासंघाने ज्या चार शैलींना प्रमुख मानलं त्यांत गोजू-र्यू आली, आणि मियागींच्या मित्राची, माबुनींची शितो-र्यूही आली. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२१ ला पुरुषांच्या कातेचं सुवर्ण मिळवलं ओकिनावाच्या कियुना र्यो याने. त्याची शैली र्यूएई-र्यू, म्हणजे त्याच नाकाइमा घराण्याची, जे आपला गुरू र्यू र्यू को असं सांगतं. कागदोपत्री ज्याचा पत्ता लागत नाही त्या फूचौच्या माणसाची परंपरा निप्पोन बुदोकानच्या चटईवर, जगाच्या कॅमेऱ्यांसमोर उभी होती.

वाचकाच्या सोयीसाठी दोन गोष्टी. पुढच्या प्रकरणांत जपानी आणि ओकिनावी नावं त्यांच्या रिवाजाप्रमाणे आडनाव आधी घालून दिली आहेत. एकच काता वेगवेगळ्या शाखांत वेगळ्या उच्चाराने म्हटली जाते तिथे नाहातला उच्चार धरला आहे. आणि ज्यांना काता करता येतात त्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करण्याऐवजी १८६७ च्या कार्यक्रमावरचं तिसरं प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. त्या यादीतली सेसान आणि आज दोजोत घोटली जाणारी सेसान यांत नावापलीकडे किती साम्य असेल, यावर तिथे जी चर्चा आहे ती हातपाय हलवत वाचली तर जास्त चांगली कळते.